प्रतिक्रियेला उत्तर : मावशीला किती वेळा दाखवलं?

काकाजी, ‘शोले’ आणि ‘कोर्ट’ या सिनेमांतल्या शॉटवर मी लेख लिहिला, त्यावर तुम्ही प्रतिक्रिया दिली, तिला हे उत्तर. आधी चुकीची कबुली देऊन टाकतो. ‘शोले’तल्या ठाकूरच्या कुटुंबाच्या प्रसंगाचे मी दिलेले सेकंद चुकलेच. तुम्ही तुमच्याकडच्या प्रतीवर घड्याळ लावून बसलात आणि प्रत्येक शॉट माझ्या आकड्याहून थोडा लांब निघाला. कारण सापडलं. मी मोजलं ते घरातल्या जुन्या व्हीसीडीवर. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनं काढलेला असतो. आपल्याकडचा जुना टीव्ही आणि ही व्हीसीडी २५ फ्रेमनं चालते. त्यामुळे सगळंच ४ टक्के घाईत. एक मिनिटाचा शॉट ५७.६ सेकंदांत आटोपतो. मूळ लेखातले आकडे काढून टाकले आहेत. गंमत एवढीच, की शॉट मोजणं हा रिकामटेकडा धंदा आहे असं लिहिणाऱ्या माणसानंच ही चूक मोजून पकडली.

आता बाकीचं. ज्यांनी काकाजींची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : गावातली माणसं स्टोरी पाहतात, कट (एक शॉट तोडून दुसरा जोडतात ती जागा) कोणी पाहत नाही, हे पुण्या-मुंबईच्या शिकलेल्यांचं खूळ; ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा हलत नाही तो पैसा नव्हता म्हणून, त्यात तुम्ही अर्थ कोंबता; आणि शेवटी, ‘विश्वास नसेल तर तुमच्या मायले विचारून पाहा’. मायले विचारलं. ते शेवटी सांगतो.

मी घाटंजी तालुक्यातला. सिनेमा कुठे शिकलो नाही. सात-आठ वर्षं लग्नाची शूटिंग केली आणि यवतमाळला एका दुकानात रात्री बसून मिक्सिंग, म्हणजे त्या शूटिंगची कापाकापी आणि जोडणी, केली. ‘कट कोणी पाहत नाही’ हे वाक्य त्या धंद्यातल्या माणसाला सांगा, तो हसेल. चार तासांच्या कॅसेटी दीड तासावर आणायच्या म्हणजे अडीच तास कोणाचे तरी जाणार. सीडी घरी पोचली की दुसऱ्या दिवशी फोन. एका लग्नात नवरदेवाच्या मावशीनं तर बोटं मोडत हिशेब मांडला होता : “मले दोनदाच दाखोलं. अन् त्या व्याहीणबाईले सात वेळा! मी का हळदीत नवतीच का रे?” मी परत मोजलं. दोनदाच होती. त्यातही एकदा पाठमोरी. सातातले तीन शॉट मी टाकले होते ते फक्त कॅमेरा हलला ती जागा झाकायला. व्याहीणबाईंचं लुगडं उजेडात छान दिसत होतं, म्हणून तेच वापरलं. मावशीला त्यातलं तंत्र माहीत असायचं कारण नाही. पण कोणाला किती वेळा, समोरून की मागून, आणि कोणाच्या नंतर, हे तिनं एकदा पाहून सांगितलं. शॉटचं विश्लेषण याहून वेगळं काय असतं? (पैसे मिळाले, पण पाचशे रुपये कापून. माझ्या कामावरचं पहिलं परखड परीक्षण मी तेच मानतो.)

मावशीला ते दिसलं, कारण ती स्वतः मांडवात होती. काय कापलं ते तिला ठाऊक होतं. आपण जिथं नसतो, तिथं आपल्याला काहीच दिसत नाही, आणि माझी सगळी खटपट एवढ्याचसाठी आहे, काकाजी.

आमच्या शेजारच्या घरी एक माणूस गेला. कसा गेला ते या जिल्ह्यात वेगळं सांगावं लागत नाही. एका वाहिनीची गाडी आली. मला कॅमेऱ्यातलं कळतं म्हणून उजेड पाडायला थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून उभं केलं. त्या घरातल्या काकू ओसरीवर बसल्या होत्या. प्रश्न संपले तरी कॅमेरेवाल्यानं त्यांचा चेहरा चालू ठेवला. काकूंची नजर बाजूला वळली आणि तिथंच खिळली. त्या बकरीकडे पाहत होत्या. बकरीनं वाळत घातलेल्या तुरीच्या डाळीत तोंड घातलं होतं आणि पोट्टं तिला हाकलत नव्हतं. मग कॅमेरेवाल्यानं वेगळं जाऊन गोठ्यातला खुंटीवरचा कासरा टिपला. रात्री बातमीत काकूंची नजर वळली, आणि कट : कासरा. मग परत काकू. खाली हळू सनईसारखं काहीतरी. गावातल्या दहा माणसांनी ते माझ्यासोबत पाहिलं. सगळ्यांचे डोळे भरले. माझेही भरले, आणि थर्माकोल मीच धरला होता.

शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव्ह नावाच्या माणसानं हेच करून दाखवलं होतं. मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा, आणि त्याला जोडून एकदा रश्शाची वाटी, एकदा शवपेटी, एकदा एक बाई. लोकांना त्याच चेहऱ्यात भूक, दुःख आणि वासना दिसली, असं सांगतात. चेहरा बदलला नव्हता, शेजार बदलला होता. काकूंच्या बाबतीत दुःख खोटं नव्हतं, हे मला मान्य आहे. पण त्या क्षणाला त्यांच्या डोक्यात बकरी आणि डाळ होती, म्हणजे उद्याचं जेवण होतं. मला विचाराल तर ते कासऱ्याहून जास्त खरं होतं. ते कापलं गेलं, आणि आम्ही सगळ्यांनीच ‘स्टोरी’ पाहिली.

‘शोले’वर लिहिलं ते याच अंगानं. तुम्ही म्हणता, गब्बरनं हात तोडले हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. बरोबर, पण तोडताना कोणी पाहिलं? तलवारी खाली येतात आणि कट होतो तो थेट आजच्या ठाकूरवर. शाल घसरते आणि रिकाम्या बाह्या दिसतात. लहान पोरालाही गोळी लागताना आपण पाहत नाही, पांढऱ्या कापडाखालचं ते धाकटं प्रेत आपल्याला उघडं दिसत नाही. तरी माझ्या ओळखीतली निम्मी माणसं शपथेवर सांगतील की त्यांनी रक्त पाहिलं. ते रक्त संकलक एम. एस. शिंदे यांनी आपल्याच डोक्यात सांडवलं. एवढ्या गाजलेल्या सिनेमाला फिल्मफेअर मिळालं ते एकच, शिंद्यांच्या संकलनाला. कॅमेऱ्यावर द्वारका दिवेचा.

राहिलं ‘कोर्ट’. इथं मात्र मी मागे हटणार नाही. चैतन्य ताम्हाणेंचा हा सिनेमा थिएटरात आला २०१५ साली, छायाचित्रण मृणाल देसाईंचं. त्यातले ज्यांच्यावर खटला चालतो ते लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे आपल्या नागपूरचे वीरा साथीदार, जे २०२१ च्या कोरोनात गेले. कॅमेरा हलत नाही तो पैसा नव्हता म्हणून, असं तुम्ही म्हणता. धंद्यातल्या माणसाला विचारा. जवळून घेतलेले तुकडे हेच स्वस्ताचं काम असतं : एकाची जीभ अडखळली तर दुसऱ्याचा चेहरा टाकून झाकता येतं, मी लुगड्यानं झाकलं तसं. लांबून, न हलता, पूर्ण खोली एका शॉटमध्ये घ्यायची म्हणजे मागच्या बाकावरचा माणूस चुकीच्या वेळी खोकलला तरी सगळं पहिल्यापासून. त्यातही या सिनेमातले बरेच जण व्यवसायानं नट नव्हते. ही गरिबाची पद्धत नाही, काकाजी, ही हट्टाची पद्धत आहे.

आणि हट्ट कशासाठी? सरकारी वकीलबाई कलमं वाचत सुटतात, भरधाव, आणि सिनेमा आपल्याला कोणाचाही चेहरा जवळ आणून सांगत नाही की आता याची कीव करा. एका बाईची सुनावणी पुढं ढकलली जाते कारण तिच्या ड्रेसला बाह्या नाहीत. दुसऱ्या सिनेमात इथं तिचा चेहरा, मग न्यायाधीशाचा, मग परत तिचा, ढॅण. इथं ते होऊन जातं आणि पुढचं प्रकरण पुकारलं जातं. तहसीलला फेरफारासाठी ज्यानं बाकावर दिवस काढलेत त्याला हा शॉट ओळखीचा वाटेल. तिथं आपल्यासाठी कोणी क्लोजअप घेत नाही.

तुम्ही दंडारीचं, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्याचं, उदाहरण दिलं, तिथं कट नसतो तरी माणसं रडतात. ते मला फार आवडलं, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. ब्रह्मपुरीकडे पाहुण्यांच्या गावी मंडईला (दिवाळीनंतरच्या जत्रेला) गेलो की रात्रभर झाडीपट्टीचं, म्हणजे त्या पूर्व विदर्भाच्या भागातलं, नाटक पाहायचो. मागे बसलेल्याला पूर्ण स्टेज दिसतो. नायिका रडत असताना माझा चुलतभाऊ ऑर्गनवाल्याच्या बोटांकडे पाहत बसायचा. तिथं प्रत्येक जण आपापल्या डोळ्यांनी कट मारतो. ‘कोर्ट’ आपल्याला त्या मागच्या जागेवर बसवतो, एवढंच मी लिहिलं होतं. कदाचित जड भाषेत लिहिलं. ‘अवकाशाची लोकशाही’ हा शब्द माझाच होता आणि तो वाचून आज मलाही लाज वाटते.

तर आईचं. तिची रोजची मालिका चालू होती, सुनेच्या हातून ताट पडलं, आणि सासूचा चेहरा एकामागून एक तीनदा. आई म्हणाली, “एकदा पाह्यलं न बाप्पा, परत परत कायले दाखोते?” हे तिनं न विचारता दिलेलं उत्तर. मग रविवारी तिला ‘कोर्ट’ लावून दिला. अर्धा वेळ ती शेंगा सोलत होती. शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळ्याची सुटी लागते, माणसं निघून जातात, एकेक दिवा बंद होतो, खोलीत अंधार होतो आणि पडद्यावर तो अंधार तसाच राहतो. त्या अंधाराचेही मी लेखात सेकंद दिले होते, तुम्ही म्हणाल तर तेही काढतो. आईनं थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं, शेंगा बाजूला ठेवल्या आणि विचारलं, “लाइन गेली का रे?”

मग मान वर करून पंख्याकडे पाहिलं. “पंखा तं सुरू हाय.”