पाकट अमावस्या पाहून येत नाही

पाकट म्हणजे शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा, स्टिंग-रे. त्याच्याबद्दल जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गळवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: “सुरतच्या किनाऱ्यावर अमावस्येच्या रात्री पाकट हमखास. गिरणा धरणावरचंच सामान चालतं. कंबरभर पाण्यात उतरून जमेल तेवढं लांब फेका. पाकट आलं की शेपटीचं टोक छाटा, मग भीती नाही. काटा लागलाच तर बर्फ लावा.” भुसावळहून सुरतजवळच्या उधन्याला थेट रेल्वे जाते, त्यामुळे हे वाचून पिशवी भरणारेही निघतातच. त्यांनी आधी हे वाचावं.

अमावस्येचं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त फसवतं. पाकटाचे डोळे वर आणि तोंड पोटाखाली. खाताना त्याला आमिष दिसतच नाही. ते वासावर आणि भक्ष्याच्या अंगातून येणाऱ्या सूक्ष्म विद्युत लहरींवर चालतं. त्यात सुरतजवळच्या डुमस-सुवाळी किनाऱ्यांचं पाणी इतकं गढूळ, की तळाशी चंद्र पोचतोय कुठे? अमावस्येला पाकट मिळतं ते उधाणामुळे. पाणी चढून एरवी कोरड्या पडणाऱ्या पट्ट्यावर येतं आणि खेकडे, शिंपले, किडे खायला पाकटं त्यामागून उथळात येतात. तेच उधाण पौर्णिमेलाही असतं. चांदणं आहे म्हणून घरी बसणारा निम्म्या चांगल्या रात्री वाया घालवतो.

वेळ काढायला कोकणातला हिशोब तिथीच्या पाऊणपटीचा: चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पण हा हिशोब मुंबई-कोकणचा. खंभातच्या आखाताकडे वर जावं तशी भरती उशिरा होत जाते. डुमसला जायचं आणि मुंबईचं भरतीचं कोष्टक बघायचं, ही अगदी नेहमीची चूक. डुमसजवळच्या हजिरा बंदराचं कोष्टक बघा. रोज वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक, एवढ्यात गळ पाण्यात असला की पुरे. बाकी रात्र चहाची.

धरणावरचं सामान म्हणजे बहुतेकांकडे सात-आठ फुटी रॉड, बारीक तंगूस (गळाची नायलॉन दोरी) आणि रोहू-कटल्यासाठी कणकेचे गोळे. कणीक दोन लाटांत विरघळते, कोंबडीची आतडी फेकतानाच गळावरून सुटून जाते. आणि हलकं शिसं (गळाला बांधायचं वजन) ओढीबरोबर वाहत किनाऱ्याला लागतं.

लागतं ते असं. १२ ते १३ फुटी सर्फ रॉड (किनाऱ्यावरून लांब फेकायचा), १२० ते १५० ग्रॅमचं तारेच्या नख्या असलेलं शिसं. नख्या वाळूत रुततात म्हणून ते जागचं हलत नाही. रीलवर ०.४० मिमीचं तंगूस, आणि त्याच्या टोकाला ०.७० ते ०.८० मिमीचं जाड तंगूस, रॉडच्या दुपटीहून थोडं लांब, म्हणजे फेकताना त्याचे काही वेढे रीलवरच राहतात. हा जाड तुकडा वाचवायला जाऊ नका. फेकण्याचा सगळा झटका तोच झेलतो. तो नसेल तर बारीक तंगूस तुटून १५० ग्रॅमचं शिसं अंधारात गोळीसारखं सुटतं, आणि शेजारी कोण उभं आहे ते दिसत नाही. गळ ५/० किंवा ६/० मापाचा सर्कल, म्हणजे टोक आत वळलेला. गळाआधीचा तुकडाही जाडच, कारण पाकटाचे दात फरशीसारखे सपाट, शिंपले भरडणारे, बारीक तंगूस घासून तोडतात. आमिषाला बांगड्याची किंवा माकूळची (स्क्विडची) पट्टी, बारीक इलॅस्टिक दोऱ्याने गळावर गुंडाळून. गळाचं टोक उघडं राहिलं पाहिजे.

पाकट आधी आमिषावर येऊन बसतं. रॉडचं टोक दोन-तीनदा मान हलवतं, मग थांबतं. नवखा इथेच रॉड उपसतो आणि रिकामा गळ ओढतो. थांबायचं. तंगूस सरळ चालू लागलं किंवा ढिलं पडलं की नुसतं रील फिरवून ताण द्यायचा. सर्कल गळ कोपऱ्यात स्वतःच बसतो, झटका दिला की उलट निसटतो. मग पाकट तळाला चिकटतं, पोत्यासारखं. तेव्हा जोर न वाढवता किनाऱ्याने दहा-पंधरा पावलं बाजूला जाऊन कोन बदला.

कंबरभर पाण्याचं मात्र ऐकूच नका. रात्री पाकट गुडघाभर पाण्यातही असतं, म्हणजे तुम्ही त्याला ओलांडून पुढे उभे राहता. पायाखाली आलं की शेपूट घोट्याशी उडते, आणि काटा गमबुटातूनही जातो. उथळात शिरावंच लागलं तर पावलं न उचलता घासत चाला, पाकट बाजूला होतं. या सपाट किनाऱ्यावर दुसरी भीती पाण्याचीच: भरती समोरून येताना दिसते, पण मागची खोलगट नाळ आधीच भरलेली असते. परतायची वाट उजेडातच बघून ठेवा.

शेपटीचं टोक छाटण्याने काहीच होत नाही, कारण काटा टोकाला नसतो. तो शेपटीच्या मुळाकडच्या अर्ध्या भागात, वरच्या बाजूला असतो, कधी दोनही असतात. शिंगाडा माशाचा काटा ज्याला लागलाय त्याला वाटेल तसलंच असेल. पण पाकटाच्या काट्याच्या कडेला मागे वळलेले दाते असतात, जाताना कापतात आणि निघताना मांस फाडतात, वर विषारी आवरण. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाचे टीव्हीवरचे प्राणीतज्ज्ञ स्टीव्ह अर्विन गेले ते छातीत असाच काटा घुसून. पाकट कडेच्या ओल्या वाळूवर पोटावर ठेवा, शेपटीवर जाड ओलं पोतं टाका, लांब पक्कडीने गळ काढा. निघत नसेल तर तंगूस तोंडाजवळ कापा. शेपटीला धरून उचलू नका, डोळ्यांमागच्या भोकांत बोटं घालू नका. गाभण मादी ताणाने पिल्लं टाकते, म्हणून फोटोंचा सोहळा नको.

आणि बर्फ? उलटंच. हे विष प्रथिनाचं आहे, उष्णतेने निकामी होतं. रक्त जोरात वाहत असेल तर आधी दाबून थांबवा. मग जखम ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा. पाणी आधी चांगल्या पायावर तपासा, दुखऱ्याला भाजलेलं कळत नाही. थर्मासमधलं पाणी साधारण ८० अंश धरलं तर त्याचा एक भाग आणि साध्या पाण्याचे दोन. पाय बुडेल एवढ्या बादलीला दोन लिटर गरम लागतं आणि थोड्याच वेळात ते निवतं, म्हणून एका थर्मासवर भागत नाही, छोटी शेगडी हवी. वेदना उतरली तरी दवाखाना चुकत नाही: काट्याचा तुकडा आत राहिला का ते एक्स-रेवर बघायचं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. छाती, पोट किंवा मानेत रुतलेला काटा जागेवर उपसायचा नाही, तसाच दवाखान्यात न्यायचा.