केबल मनगटाएवढी, मग तार बारीक कशी? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा, कमेंट वाचली. 'जास्त व्होल्टेजला तार बारीक चालते' हे तुम्हाला पटलं नाही, कारण कोपरखैरण्यात रस्ता खणला तेव्हा तुम्ही २२ केव्हीची (म्हणजे २२ हजार व्होल्टची) मनगटाएवढी केबल बघितली, ऐरोलीच्या टॉवरवरच्या तारा तर गल्लीतल्या खांबावरच्यापेक्षा कितीतरी जाड, म्हणजे माझं सगळं पुस्तकी ज्ञान. बघितलंत ते खरंच आहे हो, पण 'तेवढीच पॉवर न्यायची असेल तर' हे माझे शब्द तुम्ही गाळलेत आणि सगळी मेख तिथेच आहे.

तार जाड लागते ती करंटमुळे. घरातच बघा ना, ट्यूबलाइटला दीड स्क्वेअर एमएमची वायर आणि एसीला चारची, व्होल्टेज दोन्हीकडे २३०च.

आणि तेवढीच पॉवर जास्त व्होल्टेजने नेली की करंट कमी लागतो. आता सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर घ्या, ६३० केव्हीएचा (ही त्याची पॉवर पेलायची क्षमता) धरू. आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत बऱ्याच ठिकाणी २२ केव्ही येतं, तर फुल लोडला एचटी, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या बाजूला फेजमागे (थ्री-फेजच्या तीन वाटांपैकी एकीत) करंट किती, फक्त साडेसोळा अँपिअर! गीझरच्या प्लगवर १६ लिहिलेलं असतं, जवळपास तेवढाच, आणि त्यावर अख्ख्या बिल्डिंगा चालतात. तीच पॉवर एलटी, म्हणजे कमी व्होल्टेजच्या बाजूला ४३३ व्होल्टने बाहेर पडते तेव्हा ८४० अँपिअर होतात, मग तिथे एका केबलने भागत नाही, ३०० स्क्वेअर एमएमच्या दोन-तीन केबल जोडीने टाकायला लागतात. कधी मेंटेनन्सला ट्रान्सफॉर्मरच्या खोलीचं दार उघडं दिसलं तर बघा, पण लांबूनच.

मग ती मनगटाएवढी केबल? तिच्यात तीन कोअर (आतल्या वीज नेणाऱ्या तारा), प्रत्येकावर साडेपाच-सहा मिमी एक्सएलपीई नावाच्या प्लॅस्टिकचं इन्सुलेशन, त्यावर कॉपर टेप, मग तिन्हींना मिळून स्टीलचं आर्मर (चिलखत) आणि वर पीव्हीसी. तुम्ही बघितलीत ती बरीचशी ही जाडी, व्होल्टेज वाढलं की हे इन्सुलेशन वाढतं. आतलं अ‍ॅल्युमिनियमही तसं बारीक नसतं म्हणा, कारण ती केबल काही एकट्या तुमच्या सोसायटीची नाही, केबलच्या रिंगवर (गोल फिरून येणाऱ्या साखळीवर) एकामागून एक ट्रान्सफॉर्मर असतात आणि कुठे फॉल्ट झाला तर ब्रेकर पडेपर्यंत हजारो अँपिअर तिनेच सोसायचे.

टॉवरचं म्हणाल तर कळव्याच्या ४०० केव्ही सबस्टेशनसारख्या ठिकाणी येणाऱ्या लाइनला साधारणपणे 'मूस' नावाची तार असते, व्यास ३२ मिमीच्या आसपास, आणि फेजला अशा दोन. खांबावरची ११ केव्हीची 'वीझल' जेमतेम ८ मिमी (तारांना जनावरांची नावं द्यायची ही ब्रिटिशांची खोड आपण अजून चालवतोय). पण मूसची लाइन वीज किती नेते ते बघा की! ५०० मेगावॅट ४०० केव्हीने न्यायचे तर फेजमागे साधारण ७२० अँपिअर, तेच ११ केव्हीने न्यायचे म्हटलं तर २६ हजारांच्या वर. एकेका फेजला तीस-पस्तीस मूस लटकवाव्या लागतील, कुठला टॉवर पेलणार? आणि लॉस करंटच्या वर्गाने वाढतो, म्हणजे करंट दुप्पट झाला की तारेत चौपट वीज नुसती उष्णतेत जाते.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे आणि ती फारसं कोणी सांगत नाही. ४०० केव्हीला करंट कमी आहे म्हणून तार हवी तेवढी बारीक करता येत नाही. तार बारीक असली की तिच्या पृष्ठभागालगत विद्युतक्षेत्र इतकं तीव्र होतं की शेजारची हवाच फुटायला लागते, हा कोरोना (तो २०२०चा नव्हे). पावसाळ्यात लाइनखाली चरचर ऐकू येते ना, तोच. म्हणून दोन तारा मध्ये स्पेसर (अंतर राखणारा आडवा तुकडा) लावून हातभर अंतरावर धरतात, दोघी मिळून एका जाड तारेसारख्या वागतात.

राहता राहिला तुम्ही विचारलेला सोसायटीचा पाण्याचा पंप. 'उन्हाळ्यात व्होल्टेज जास्त येतं म्हणून केबल तापते' असं तुमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो. उलट संध्याकाळच्या लोडला व्होल्टेज सहसा पडतं, आणि पाणी तर तेवढंच चढवायचंय, मग मोटर जास्त करंट ओढते. पंप चालू असताना क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमटा धरून करंट मोजणारं मीटर) तिन्ही फेजचे अँपिअर घ्या, मोटरच्या प्लेटवरच्या आकड्याशी ताडून बघा, व्होल्टेजही त्याच वेळी मोजा. अँपिअर बरोबर असतील आणि केबल फक्त टोकालाच तापत असेल तर लग (केबलच्या टोकाची धातूची टोपी) ढिला आहे, व्होल्टेज आवरायला म्हणून स्टॅबिलायझरचं कोटेशन कमिटीपुढे जायच्या आधी सप्लाय बंद करून तो घट्ट करून घ्या.