कायद्यात राहून केलेली शिकार

आमच्या घराण्यात शिकार म्हणजे चपलेनं मारलेलं झुरळ, आणि तेही दोनदा निसटून तिसऱ्यांदा सापडलेलं. भारतात १९७२ च्या कायद्यानं शिकार बंदच झाली, त्यामुळे हा विषय आमच्या सांगलीच्या घरात कधी निघाला नाही. तो निघाला ह्यूस्टनला, शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये. "सप्टेंबरात टीलला जातोय. येतोस?"

टील म्हणजे चिमुकलं बदक, वजन जेमतेम चारशे ग्रॅम. त्यातलं निळ्या पंखांचं टील थंडीची वाट बघत नाही. उत्तरेकडून लवकर निघतं आणि मेक्सिको, कधी तर थेट दक्षिण अमेरिका गाठतं. ना व्हिसा, ना मुलाखत. मला ग्रीन कार्डाला बारा वर्षं लागली होती. त्या रागातच मी "येतो" म्हणालो असणार.

आधी कोर्स, मग परवाना, वर पंचवीस डॉलरचं बदकाचं तिकीट, म्हणजे शिकारीसाठी लागणारा सरकारी 'डक स्टॅम्प'. (ते पोस्टाचं नाही, पाकिटाला लावता येत नाही. मी विचारलं होतं.) बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं नकोत. छर्रे पोलादी, कारण पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशावर १९९१ पासून देशभर बंदी आहे. शिसं मऊ असतं, पोलाद नसतं. हे वाक्य तेव्हा मी कानाआड केलं.

पहाटे तीनला निघालो. शेजारी, त्याचा मेव्हणा, मी आणि मो. मो म्हणजे काळी लॅब्राडोर, वय सात, स्वभाव गणिताच्या मास्तरांचा. पुढच्या सीटवर ती बसली. मी मागे, खऱ्या बदकांना भुलवायला घेतलेल्या पोतंभर प्लॅस्टिकच्या बदकांशेजारी.

अ‍ॅनाह्वॅकच्या बाजूची दलदल. सप्टेंबरातली टेक्सासची पहाट म्हणजे कुकरचं झाकण उघडल्यावर तोंडावर येते ती वाफ, आणि तिच्यात डास. शेजारी म्हणाला होता, जुनी पँट घालून ये, भिजलास तरी चालेल. पण मी छातीपर्यंतची रबरी विजार उसनी आणली होती. विजारीचा मालक सहा फूट दोन इंच, मी पाच फूट पाच. दहा पावलांत ती आतूनच घामानं भरली. विसाव्या पावलाला डावा पाय चिखलात गेला तो तिथलाच रहिवासी झाला.

मोला पाण्यात सोडण्याआधी शेजाऱ्यानं टॉर्च मारून मगर नाही ना, ते नीट बघितलं. मी तोवर पाण्यातच उभा होतो. माझ्यासाठी कुणी बघितलं नव्हतं.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधी बार टाकायला मुभा असते. आणि या दिवसांत मारायचं ते फक्त टीलच, दुसरं बदक नाही. त्यातून या महिन्यात नरही मादीसारखेच मातकट दिसतात. ओळख पटते ती पंखावरच्या फिकट निळ्या पट्ट्यानं, तीही उडताना. लव्हाळ्यावरून सूंऽऽ आवाज आला. मी चष्मा पुसला, निळा पट्टा शोधला, सापडला, खात्री केली. तोवर मंडळी गॅल्व्हेस्टनच्या खाडीवर पोचली असतील.

दुसऱ्या थव्याला मी खरंच बार टाकला. तीन. मो ताडकन उठली, पाण्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि मग सावकाश मान वळवून माझ्याकडे. शाळेत वही कोरी सापडल्यावर मास्तर असेच बघायचे. मग शेजाऱ्यानं बार टाकला आणि ती झेपावली. तोंडात टील घेऊन आली ती इतकी अलगद की एक पीस विस्कटलं नव्हतं, आणि जाता जाता माझ्या अंगावर, फक्त माझ्या, पाणी झटकलं.

दर माणशी सहा टील ही मर्यादा. इतका सहज कायदा मी आयुष्यात पाळलेला नाही.

परतताना शेजाऱ्यानं दया येऊन दोन टील दिली. त्याच्या मते बेकन गुंडाळून, आत मिरची घालून भाजावीत. बायकोनं सुकं खोबरं भाजलं, काळा मसाला घातला आणि तांबडा रस्सा केला. "मारलं कुणी?" तिनं विचारलं. "टीमनं," मी म्हणालो.

तिसऱ्या घासाला कट्कन आवाज आला.

डेंटिस्टनं चिमट्यात तो छर्रा धरून उजेडात फिरवला. मोहरीएवढा, गोल, गुळगुळीत. दाढेचे दोन तुकडे. इन्शुरन्स म्हणतंय, अपघाताचं कारण लिहून द्या.