आमच्याकडे नळ आठव्या दिवशी सुटतो, आणि दिवाळी मस्त झाली म्हणे!

काल फॅमिली ग्रुपवर धाकट्या भाऊजींचा मेसेज आला. "वहिनी, दिवाळी एकदम मस्त झाली! पोरं परत यायलाच तयार नव्हती. उन्हाळ्यात महिनाभर पाठवतो बघा." त्याच्याखाली अंगठ्यांची रांग. नणंदेचे चार हसरे चेहरे. आणि सगळ्यात शेवटी ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, "अवश्य! घर तुमचंच आहे."

अवश्य म्हणे! घर तुमचं, मग हौदही तुमचाच की. या ना रात्री पावणेतीनला भरायला.

आज हे कुठंतरी बोलून टाकल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. उरलेला चिवडा पण उतरेना झालाय, म्हणजे बघा.

आमचं गाव तालुक्याचं. नाव कोणतंही घाला, मराठवाड्यातलं असलं म्हणजे झालं. नळ आठव्या दिवशी सुटतो. लाइन फुटली तर बाराव्या. वेळेचं विचारू नका. पाणी सोडणाऱ्या माणसाला फोन केला की तो एकच सांगतो, "येईल की रात्रीतून." रात्रीतून म्हणजे साडेदहा पण आणि पहाटेचे चार पण.

यंदा तर हसावं का रडावं तेच कळेना. २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा, तेरणा, सिंदफणा पात्र सोडून रानात शिरल्या. आमचं चार एकर सोयाबीन उभ्यानं सडलं, शेंगांना कोंब फुटले. हमीभाव होता ५३२८ रुपये क्विंटल, कागदावर. ते काळं पडलेलं सोयाबीन घेऊन आडतीवर जा, भाव सोडा, माणूस तोंड फिरवतो. रानात पाणी, रस्त्यावर पाणी, धरणं तुडुंब, आणि ऑक्टोबरात नळाला तेच आठ दिवस. म्हणजे "दुष्काळ आहे बाबांनो, जपून वापरा" असं म्हणायची पण सोय राहिली नाही. भाऊजी पुण्याहून येताना रस्त्यानं भरलेली तळी बघत आलेले. गाडीतून उतरले तेच बोलत, "वहिनी, यंदा तर तुमच्याकडे पाणीच पाणी!"

हो, आहे ना. जा, मांजरेवर जाऊन आंघोळ करून या.

आता हिशेब ऐका. मी पाचवीच्या लेकरांना गणित शिकवते, त्यामुळं हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही, हा माझा दोष. हौद दोन हजार लिटरचा. गच्चीवरची टाकी हजाराची. दोन ड्रम दोनशे-दोनशेचे. हंडे, घागरी, माठ, कळश्या धरून आणखी शंभर. झाले साडेतीन हजार. आम्ही घरात पाच माणसं: आम्ही दोघं, दोन लेकरं, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आठ दिवसांना माणशी रोज ८७ लिटर पडतात. शहरातल्या माणसाला रोज १३५ लिटर पाणी द्यावं असं सरकारी माप आहे, ते वाचून मी दर वेळी हसते. तरी ८७ मध्ये आमचं भागतं. भागवतो आम्ही.

दिवाळीत आले आठ जण. भाऊजींचे चार, नणंदेचे चार. तेरा माणसं झाली. तेच साडेतीन हजार, तेच आठ दिवस. माणशी रोज ३४ लिटर. ह्यात आंघोळ, संडास, भांडी, कपडे, स्वयंपाक, सडा, सगळं आलं. आणि तेलकट भांडी! करंज्या-चकल्या तळलेली कढई चार तांब्यांत निघत नसते.

आमच्याकडे वापरायच्या पाण्याला 'सांडायचं पाणी' म्हणतात. पाव्हण्यांनी ते शब्दशः घेतलं.

भाऊजींच्या थोरल्याला पंधरावं लागलंय. आमच्या बाथरूममध्ये एक शॉवर आहे. घर बांधताना मिस्त्री म्हणाला, "असू द्या मॅडम, शोभा येते." चार वर्षांत आम्ही घरच्यांनी त्याला हात लावला नाही. हा मुलगा आल्या दिवशी त्याच्याखाली जो उभा राहिला तो मोबाइलवरची पाच-सहा गाणी संपली तरी बाहेर येईना. मी बाहेर पुरण वाटता वाटता मिनिटं मोजत होते. वीस! नंतर मी मुद्दाम शॉवरखाली पंधरा लिटरची बादली धरून बघितली, दीड मिनिटात भरली. म्हणजे त्या बाळानं एका आंघोळीत दोनशे लिटर घालवले. सहा दिवसांचा वाटा. अन् वर गीझरचं गरम येईस्तोवर पाइपातलं गार पाणी असंच सोडून दिलं ते वेगळं. त्यासाठी मी नळाखाली रिकामी बादली ठेवली होती. ती कुणीतरी पायानं कोपऱ्यात सारली. का? "मध्ये यायली होती."

मी ह्यांना म्हटलं, जरा सांगा ना पुतण्याला. हे म्हणाले, "चार दिवसांसाठी आलेत. पाव्हण्यांना काय पाणी मोजून द्यायचं का? बरं दिसतं का ते?"

बरं दिसत नाही! तीन रात्री बायको हौदात वाकून मग्यानं तळ खरवडते ते बरं दिसतं वाटतं.

माझं माहेर लातूरचं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते लातूर. लोकांना ती टीव्हीवरची बातमी. आमच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात घागरीच्या नंबरावरून दोन बायकांची बोलाचाल बंद झाली, ती अजून बंद आहे. त्यामुळं तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, मशीनचं शेवटचं पाणी संडासाला, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आणि माझ्या जावेला दहा वेळा सांगून कळत नाही. दात घासताना नळ चालू. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात फोन, खाली धार. मी मागून जाऊन नळ बंद केला तर म्हणते, "अय्या वहिनी, किती ना प्रॉब्लेम तुमच्याकडे पाण्याचा! कसे राहता हो तुम्ही?"

असे राहतो. नळ बंद करून राहतो.

बरं, त्यांच्या सोसायटीला तरी कुठं नदी वाहते? टँकरच येतात. फरक इतकाच की ते खालच्या टाकीत ओततात आणि पैसे मेंटेनन्समधून जातात, म्हणून डोळ्याला दिसत नाहीत. नणंदेचं तर काय सांगू. ती नाशिकला दिलेली. वरच्या धरणांतून आमच्या मराठवाड्याच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायची वेळ आली की तिकडे रस्त्यावर उतरतात, आमचं हक्काचं पाणी म्हणून. आता माझ्या हौदातलं पाणी पाट काढल्यासारखं सोडलं, तेव्हा हक्क कुणाचा होता ताई?

माझी मावशी बिदरला असते. तिकडे नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी 'नीरु तुंबुव हब्ब' करतात. पाणी भरायचा सण. न्हाणीतला हंडा घासूनपुसून सजवायचा, पूजा करायची, नवं पाणी भरायचं. लहानपणी मला त्याचं फार कौतुक वाटायचं. आता आमच्याकडे हा सण वर्षातून पंचेचाळीस वेळा येतो, आणि पूजा माझी होते.

यंदा तर योगच जुळला. १९ तारखेच्या रविवारी रात्री नळाचा नंबर, आणि सोमवारी पहाटे पहिली आंघोळ. मी जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर, ऐकू जाईल असं म्हटलं, "आज पाणी येणाराय. दोघं-तिघं उठलात तर पटकन होईल." सगळे म्हणाले, हो हो वहिनी, उठवा की. भाऊजी म्हणाले, मला पहिली हाक मारा.

पावणेतीनला नळानं आवाज काढला. ज्यांच्याकडे रोज पाणी येतं त्यांना हा आवाज माहीत नसणार. आधी हवा येते, म्हातारं माणूस खाकरल्यासारखी. मग थुंकल्यासारखं लाल पाणी. ते ओतायचं नसतं, पहिल्या दोन बादल्या संडासाला ठेवायच्या. पाणी निवळलं की मोटार लावायची, आणि मोटार हौद भरतेय तोवर पुढच्या नळीवर प्यायचं भरायचं. घागरीच्या तोंडावर चौपदरी फडकं. भरली की तुरटीचा खडा हातात धरून सात-आठ वेळा गोल फिरवायचा, झाकायची, उचलायची, आत. दुसरी. तिसरी. पाऊण तासाचा खेळ आहे सगळा, त्यात शेजारच्यांनी मोटार लावली की आपली धार करंगळीएवढी होते.

मी हाक मारली. भाऊजी "हां हां" म्हणाले आणि कूस बदलली. हे तर घोरत होते. जावेनं दार आतून लावलेलं. जावईबापूंना उठवायचं नसतं, ते जावई. उठलं कोण, तर माझी बारा वर्षांची लेक आणि आत्याबाई. गुडघ्याचं दुखणं घेऊन म्हातारी नळी धरून बसली होती बिचारी. आमचं पटत नाही, पण ह्या बाबतीत तिला शंभर मार्क.

सव्वातीनला भाऊजी उठले. मला वाटलं, चला, आला एक तरी देव धावून. गडी लघवीला उठला होता. अंगणात डोकावला, मला डोक्यावर घागर घेऊन बघितलं, आणि आत जाऊन फोन आणला. माझा व्हिडिओ काढला! दुसऱ्या दिवशी तो स्टेटसला. मागं सनई, वर लिहिलंय, "गावाकडची दिवाळी... ती मजा वेगळीच." गाऊन खोचलेला, केस विस्कटलेले, आणि मजा म्हणे वेगळी.

सूर्य उगवायच्या आत अभ्यंगस्नान केलं नाही तर नरकात जातो म्हणतात. तेरांपैकी सूर्याच्या आत झाल्या तिघींच्याच: म्हातारीची, लेकीची आणि माझी. माझी दोन तांब्यांत. तेल लावायलासुद्धा वेळ नव्हता, उटणं हातालाच लागलं ते. बाकीची मंडळी साडेनवाला उठली, कारण "सुट्टी आहे ना!" मला पण सुट्टीच आहे. शाळेला सुट्टी आहे माझ्या. पण ती बोर्डावर लिहिलेली सुट्टी, घरात लागू नाही.

आणि अजून खरं तर सांगायचंच राहिलं. सकाळी अकराला मी मुरमुऱ्यांचा सुशीला करायला ओट्याशी गेले, तर ओट्यावरच्या दोन घागरी पालथ्या. तोंड खाली, बूड वर, छान पुसून. रात्री पावणेतीनला भरलेल्या, फडक्यातून गाळलेल्या, तुरटी फिरवलेल्या. मी विचारलं, काय झालं? जाऊ मोठ्या कौतुकानं म्हणाली, "वहिनी, रात्रीचं शिळं पाणी होतं ना ते? मी ओतून टाकलं. सणासुदीला ताजं भरू."

ताजं. कशातून? कुठून? माझ्या तोंडातून शब्द निघेना. हातातला मुरमुऱ्याचा डबा मी खाली ठेवला, मोरीपाशी गेले आणि जाळीकडे बघत उभी राहिले. फरशी अजून ओली होती.

पाडव्याला हौद कोरडा. पाच दिवस आधीच. ह्यांनी दोन हजार लिटरचा टँकर मागवला, सणाचा भाव, सातशे रुपये. टँकरवाल्याच्या हातावर पैसे ठेवताना भाऊजी म्हणाले, "अरे, इतकं सोपं आहे, तर वहिनी उगाच एवढं टेन्शन का घेतात?" सगळे हसले. हे पण हसले. आणि आडून आडून मी आठ दिवस ऐकलं ते हे: वहिनींचा स्वभाव जरा चिक्कूच. पाण्याला सुद्धा जीव जातो.

चिक्कू! चौदा डबे फराळ केला. दोन किलोचे अनारसे. जाताना हात आखडता न घेता डबे भरून दिले, साड्या दिल्या, लेकरांच्या हातावर पाचशे-पाचशे ठेवले. तिथं कुणाला मी चिक्कू वाटले नाही. नळ बंद करा म्हटलं की झाले.

शुक्रवारी सगळे गेले. आज २७ तारीख, पुन्हा नळाचा दिवस. दुपारी मी ह्यांचा पाना घेतला, बाथरूममध्ये स्टूल ठेवलं आणि ते शोभेचं शॉवरचं तोंड खोलून काढलं. वर पाइपाला बूच मारलं, टेप गुंडाळून, घट्ट. शॉवर सध्या अनारशाच्या पिठाच्या रिकाम्या डब्यात आहे, वर रव्याचा डबा.

संध्याकाळी हे हातपाय धुऊन आले. "अगं, शॉवर कुठं गेला?"

"खराब झाला."

"असं? उन्हाळ्याच्या आत नवा बसवून घेऊ, पोरं येणारेत."

"अवश्य," म्हटलं.