घाणेरी काढली म्हणून फुलपाखरं जात नाहीत

पाऊस ओसरू लागला की एक संदेश फिरायला लागतो: "बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली घाणेरी तोडू नका. सगळी फुलपाखरं तिच्यावरच जगतात. जास्तीत जास्त जाती तिथेच दिसतात. ती गेली की जमीन उघडी पडेल." घाणेरी म्हणजे टणटणीचं, लँटानाचं झुडूप. पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे. मुद्दे मात्र चुकीचे आहेत.

'तिच्यावरच जगतात.' मध प्यायला पुष्कळ येतात, हे खरं. पण मध पिणं हा फुलपाखराच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा. त्याआधी अळी पानं खाऊन वाढते आणि ती वाट्टेल ते पान तोंडाला लावत नाही. आपलं राज्य फुलपाखरू निलवंत, त्याच्या अळीला लिंबाच्या कुळातलीच झाडं लागतात. हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू बांडगुळावर अंडी घालतं, बिबळ्या कडवा नावाचं रुईवर. उद्यानातल्या शिलोंड्याच्या वाटेवर एकदा आंब्याचं पान अगदी जवळून बघत होतो, रिकामंच वाटलं. मग दिसली कॉमन बॅरन या फुलपाखराची अळी! पाठीवरची पिवळी रेघ पानाच्या मधल्या शिरेवर अशी बेतून ठेवलेली, की शीर कुठली आणि अळी कुठली ते कळेना. दोन्ही बाजूंचे पिसांसारखे हिरवे काटे पानाला चिकटलेले. घाणेरीच्या खरखरीत पानावर ती वाढलीच नसती.

'तिथेच जास्त जाती दिसतात.' वाटेच्या कडेला, उन्हात, कमरेइतक्या उंचीवर फुललेलं झुडूप. नजर तिथेच जाणार. ब्लू ओकलीफ या फुलपाखराला मात्र फुलांचं आकर्षण नाही. झाडाचा पाझरता रस आणि कुजकी फळं हे त्याचं खाणं, अळी कारवीवर वाढते, आणि पंख मिटले की हुबेहूब वाळकं पान. घाणेरीपाशी उभं राहून केलेल्या यादीत ते यायचं कसं?

'जमीन उघडी पडेल.' सगळी एकदम सपाट केली तर पडेलच, म्हणून पट्ट्यापट्ट्यानं काढायची. नुसती कोयत्यानं छाटली तर ती पुन्हा फुटते. बुडाची माती उकरून मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं टाकायचं. १९व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी भारतात आणलेलं हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं झाड. त्याच्या जाळीखाली गवताला आणि कारवीच्या रोपांना ऊनच मिळत नाही.

राहिला मध. पावसाळ्यात दिंडा हे रानझुडूप फुललं की त्याच्या झुपक्यांवर उडालेली झुंबड बघा. मोकळ्या केलेल्या पट्ट्यात पुढचे काही पावसाळे घाणेरीची नवी रोपं उपटत राहावी लागतात. त्यासाठी माणसं हवी असतात. संदेश पाठवणाऱ्यांनीही यावं.