खुलासा: ‘टेबल’ केला म्हणजे मांडला?

‘अमेरिकी प्रतिनिधिगृहात ठराव टेबल झाला, म्हणजे तो मांडला गेला, आता चर्चा होणार’ असा अर्थ ग्रुपवर बिनधास्त पुढे ढकलला जातो. चूक आहे. आपल्या लोकसभेत अहवाल ‘टेबल’ झाला म्हणजे पटलावर ठेवला. ही ब्रिटिश रीत. वॉशिंग्टनला नेमकं उलटं. तिथे ‘टेबल’ करणं म्हणजे विषय बाजूला सारणं, आणि प्रतिनिधिगृहात तर तो बहुतेक वेळा तिथेच संपतो. दुसऱ्या महायुद्धात याच शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांची बैठकीत चांगलीच जुंपली होती, असं चर्चिल यांनी लिहून ठेवलंय. मुद्द्यावर मात्र दोघांचं एकमत होतं! तिकडची बातमी मराठीत आणताना ‘मांडला’ नको, ‘बारगळला’ लिहा.