वायफाय लावलं की सेन्सर मुका

आज परत एक ज्युनिअर रडकुंडीला आलेला. ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या कंट्रोलर चिपवर मातीतला ओलावा छान मोजला जात होता, वायफाय जोडलं आणि रीडिंग बंद. बिचाऱ्याने दोन रात्री वायरी बदलल्या, ब्रेडबोर्ड बदलला, सेन्सरसुद्धा नवा आणला. गेल्या वर्षी मीही हेच केलं होतं!

दोष पिनचा. या चिपमध्ये दोन एडीसी, म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारे भाग, आहेत आणि वायफाय चालू असताना दुसरा वापरता येत नाही. पिन ४, २५, २६, २७ त्यातल्याच. ३२ ते ३५ मधली घ्या, काम होतं. मग शिकवणारे पिन ४ वर सेन्सर लावून, वायफायला हातही न लावता धडा का संपवतात? एक ओळ लिहायला काय जातं? पोरांना वाटतं, आपल्यालाच जमत नाही. राग त्याचा येतो.